फिरत्या पाकिटातलं गाळलेलं पान

पेन यान, न्यूयॉर्क
१४ सप्टेंबर १९९७

ती. फारेसदादा यास,
धाकट्या लव्हिनाचा प्रभूच्या नावे सा. न. वि. वि.

देवदयेने इकडे शाळा, मुलं आणि द्राक्षं सगळं झकास आहे. मी तेवढी नाही. म्हणून हे पत्र आपल्या तिघा भावंडांच्या फिरत्या पाकिटात न घालता थेट तुला मिझूरीला लिहिते आहे. पाकिटात घातलं असतं तरी आधी तुझ्याकडेच आलं असतं म्हणा, पण तिथून ते पेनसिल्व्हेनियात ताईकडे जाणार, आणि मला आधी तुझ्या एकट्याशी भांडायचं आहे.

ऑगस्टच्या शेवटी फळ्यासमोरच कोसळले. अकरा दिवस पोट साफ झालं नव्हतं. त्यात नवल काही नाही, जन्मल्यापासून माझं तेच. एरंडेल झालं, प्रून झाले, जवस झालं, तळपाय दाबणारी बाई झाली. या खेपेला मात्र उलटीला घाण वास यायला लागला, तेव्हा शेजारची लिझी हूव्हर घाबरली. गाडीवाला ठरवून तिने मला रॉचेस्टरच्या मोठ्या इस्पितळात नेलं.

आजवर जो तो डॉक्टर, भाज्या खा, पाणी प्या, चाला, एवढं सांगून मोकळा झाला. ही सर्जनबाई वेगळी निघाली. हे कधीपासून, असं तिने विचारलं. मी म्हटलं, आठवतं तेव्हापासून. त्यावर तिने मला टोपी काढायला सांगितली. दादा, लाजेने मेले मी. तिने कपाळावरची पांढरी बट पाहिली, एक डोळा निळा आणि एक तपकिरी तोही निरखला, आणि विचारलं की तुमच्या घरात पोट फुगून तान्ही बाळं गेली आहेत का. आईची दोन गेली, हे सांगितलं.

मग तपासण्या झाल्या. खालून पांढरं औषध भरून फोटो काढले. एक छोटा फुगा आत घालून फुगवला. त्याने तिथला स्नायू सैल पडायला हवा, माझा ढिम्म हलला नाही. शेवटी आतून एक तुकडा काढून भिंगाखाली पाहिला, तर त्यात मज्जातंतूच्या पेशी नाहीतच. आतड्याचा शेवटचा वीतभर भाग जन्मापासून मुका आहे. मला वाटायचं फुगलेला भाग आजारी. ती म्हणाली, उलट आहे, फुगलेला भाग निरोगी, पस्तीस वर्षं बिचारा बंद दाराला धक्के मारून फुगला. तरणीताठी माणसं या रोगानिशी क्वचित सापडतात, पण आपल्या मेनोनाइट लोकांच्या रक्तात हा फार, असं तिने सांगितलं.

आता भांडण. घरात आणखी कुणाचं ऑपरेशन झालं का, असं तिने विचारलं तेव्हा मी म्हटलं, भावाच्या नेल्सनचं, जन्मताच आतड्याला पीळ पडला होता. ताईने मला तेच सांगितलं होतं. पोटावर पिशवी लावली होती, हेही सांगितलं. ती म्हणाली, हा पीळ वाटत नाही, हाच रोग वाटतो, आणि तसं असेल तर तुमच्या भावाला रोगाचं नाव सांगून घरातल्यांची चौकशी करायला सांगितलंच असणार.

दादा, नेल्सन आठ वर्षांचा झाला. आठ वर्षं तुला माहीत होतं? एकोणनव्वद सालच्या वसंतात माझं पोट एवढं वाढलं की झग्याच्या टाचण्या लागेनात. चर्चचे दोन डीकन घरी आले आणि माझ्या पोटात कुणाचं मूल आहे, असं विचारून गेले. प्रभुभोजनाला बसू दिलं नाही. ॲमन शर्क दर रविवारी मला बग्गीतून घरी सोडायचा, तो येईनासा झाला. मूल काही झालं नाही. मग सगळे गप्प बसले, आणि मी गाव सोडलं. एक ओळ लिहिली असतीस तर काय बिघडलं असतं?

मॉडवहिनीला नमस्कार, नेल्सनला पापा. रागावले आहे, पण तुझीच आहे.
लव्हिना


व्हर्सेल्स, मिझूरी
२२ सप्टेंबर १९९७

चि. लव्हिना हिस,
फारेसचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र गोठ्यात उभ्या उभ्या वाचलं आणि दुधाची बादली लवंडली. मॉडने विचारलं काय झालं, तर पत्रच तिच्या हाती दिलं.

लव्हिना, मी लिहिलं होतं. एक ओळ नाही, पान भरून लिहिलं होतं. नेल्सन तीन आठवड्यांचा होता, फेब्रुवारीचा महिना. डॉक्टरने रोगाचं नाव कागदावर लिहून दिलं, ते जसंच्या तसं उतरवलं. घरात कुणाला जन्मापासून बद्धकोष्ठ असेल, पोट फुगत असेल, तर वय कितीही असो, तपासून घ्या, असं तो म्हणाला होता. त्याच्याखाली मी तुझं नाव घातलं आणि दोन रेघा ओढल्या. पान पाकिटात घालून ताईकडे धाडलं, तू तेव्हा तिच्याच घरी होतीस.

पाकीट फिरून परत आलं. आपला रिवाज तुला ठाऊक आहेच, आपलं जुनं पान आपणच काढायचं आणि नवं घालायचं. माझं पान त्यात नव्हतं. मला वाटलं, डॉक्टरला दाखवायला तू ठेवून घेतलंस. तुझ्या पानावर त्याबद्दल अवाक्षर नव्हतं, तर वाटलं, लग्नाची मुलगी, असल्या गोष्टी पाकिटात कशाला लिहील. बाबांच्या मातीला आलो तेव्हा विचारावं असं मनात होतं. पण तू टेबलावर सूप वाढत होतीस आणि भोवती वीस माणसं. बहिणीला संडासाचं कसं विचारायचं? नाही विचारलं. माझा गाढवपणा, दुसरं काय.

डीकन घरी आल्याचं मला आज तुझ्या पत्रातून कळतंय. तेव्हा ताईने लिहिलं होतं की लव्हिनाला शाळा मिळाली, खुशीत गेली.

पान माझ्या हातून निघालं आणि तुझ्या हाती पडलं नाही. मध्ये एकच माणूस आहे. त्याचं नाव माझ्याच्याने लिहवत नाही.

ऑपरेशनचा दिवस कळव, मका शेतात राहिला तरी मी येतो. तुझ्या वहिनीने मध पाठवला आहे, पोटाला चालतो का ते आधी विचार.
या गाढव भावावर माया असू दे.
फारेस


पेन यान
२९ सप्टेंबर १९९७

ती. व्हर्नाताई हिस,
सा. न. वि. वि.

तुझ्या सफरचंदांचं, अंगदुखीचं आणि नातवंडांचं मागच्या पाकिटात वाचलं. माझं इथून पुढे पाकिटात काही येणार नाही.

मला काय झालंय आणि त्याला काय म्हणतात, ते सोबतच्या कागदावर सर्जनबाईच्या अक्षरात आहे. नाव तुला नवं नसेल. फारेसदादाने एकोणनव्वदच्या फेब्रुवारीत तेच नाव लिहून पाठवलं होतं.

ताई, मी नऊ वर्षांची असताना आई गेली. त्यानंतर दर शनिवारी तू माझे केस विंचरायचीस, पांढरी बट आत दडवून वर टोपी घट्ट बांधायचीस. मुलींनी चिडवू नये म्हणून, असं सांगायचीस. मला आई आठवते ती तुझ्याच तोंडाची. म्हणून मी रागाने नाही, हात जोडून विचारते. ते पान तू काढलंस का? टपालात हरवलं म्हणालीस तर मी विश्वास ठेवीन. मला ठेवायचाच आहे.

आणि काढलं असशील तर हेही सांग. डीकन बैठकीत बसून मला विचारत होते आणि तू त्यांना ॲपल-पाय वाढत होतीस, तेव्हा ते पान घरात कुठे होतं?

पत्राची वाट पाहते.
लव्हिना


मार्टिनडेल, पेनसिल्व्हेनिया
७ ऑक्टोबर १९९७

चि. लाडक्या लव्हिनास,
व्हर्नाताईचे अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र आलं त्या दिवशी आमच्याकडे ॲपल बटर शिजत होतं. अंगणात सोळा बायका होत्या. कढई सोडता येईना, म्हणून पत्र एप्रनच्या खिशात ठेवून दिवसभर ढवळत राहिले. यंदा सफरचंदं आंबटच आहेत, साखर फार लागली. मेबल मदतीला आली होती, तिन्ही मुलं घेऊन. धाकटा इर्व्हिन अगदी तुझ्यावर गेलाय, सहा सहा दिवस परसाकडे बसायचं नाव नाही. मी प्रूनचा रस पाजते. मुलं असायचीच अशी.

किती वेळ इकडचं तिकडचं लिहू? हो, मी काढलं. मीच काढलं.

मेबलचं ल्यूक झिमरमनशी नुकतं ठरत होतं. ल्यूकचा आजा कसा होता तुला माहीत आहे, घोडी घ्यायची तरी तीन पिढ्या विचारायचा. आपल्या घरात रोग आहे हे पान वाचून कळलं आणि मी ते तिथेच बाजूला काढलं. तुझ्याकडे पान गेलं असतं तर तू दवाखान्यात गेली असतीस, डॉक्टर सगळ्यांच्या चौकशा करत फिरले असते, आणि मेबल घरात बसली असती. नोव्हेंबरात लग्न होऊन जाऊ दे, मग सांगू, असं ठरवलं होतं. लग्न झालं. मग म्हटलं, तिला मूल होऊ दे. मग काय तोंडाने सांगणार होते?

डीकन आले त्या दिवशी पान कपाटात होतं, टेबलक्लॉथच्या घडीखाली. तू विचारलंस म्हणून खरं सांगते. त्यांना सांगावं असं ओठांवर आलं होतं गं. पण वाटलं, तुझं पोट आज ना उद्या बसेल, मूल नाही हे आपोआप दिसेल, लोक विसरतील. तू सहनशील पोर. मेबल नाही तशी.

आणि लोक विसरलेही. इथे आता कुणी तुझं नाव काढत नाही.

माझी चूक झाली. मला क्षमा कर. क्षमा मागितल्यावर आपल्यात नाही म्हणत नाहीत. एवढंच मागणं, मेबलला यातलं काही कळू देऊ नकोस. ती माझ्याशी बोलायची नाही. म्हातारपणी मला तेवढं एकच माणूस आहे.

ऑपरेशनला घाबरू नकोस. रोज तुझ्यासाठी गुडघे टेकते.
तुला वाढवलं तो हात सोडू नकोस.
व्हर्ना


पेन यान
११ ऑक्टोबर १९९७

चि. मेबल हिस,
लव्हिनामावशीचे आशीर्वाद.

हे पत्र तुझ्या घरी न पाठवता ल्यूकच्या खोगिरांच्या दुकानावर पाठवलं आहे. घरचं टपाल तुझी आई आणून देते असं ऐकलं, आणि आमच्या घराण्यात टपालाचं काही खरं नाही.

इर्व्हिनला या आठवड्यातच मोठ्या इस्पितळात घेऊन जा. गावच्या डॉक्टरने प्रून सांगितले तर ऐकून घे आणि तरीही जा. सोबतच्या कागदावर रोगाचं नाव आहे. तिथे एवढंच सांग की आजीची दोन बाळं पोट फुगून गेली, मामाच्या मुलाला हेच झालं आणि मावशीला पस्तिसाव्या वर्षी हेच निघालं. फुग्याची तपासणी करा म्हणावं, आणि तुकडा काढून बघा म्हणावं. तुकडा काढल्याचं दुखत नाही, आतल्या त्या भागाला दुखणं कळतच नाही. पोर लाजणार नाही, तूही लाजू नकोस. आपल्या लाजेने मला केवढ्याला पाडलं ते एवढ्याशा कागदावर मावायचं नाही.

मला आठ वर्षांपूर्वी कळलं असतं तर वीतभर आतड्यावर भागलं असतं. आता ताणून ताणून निकामी झालेला वरचा हातभर भागही काढणार आहेत. इर्व्हिन दोन वर्षांचा आहे. त्याचं सगळं वाचेल.

मला हे आधी का कळलं नाही, ते तुझ्या आईला विचार. तुला सांगू नको असं तिने मला लिहिलं होतं. तिचा शब्द मोडला. त्याचं मला काही वाटत नाही, हेच मला फार वाटतं.

पोरांना जपून राहा. मावशीचा राग धरू नकोस.
लव्हिना


मार्टिनडेल
३० ऑक्टोबर १९९७

ती. लव्हिनामावशीस,
मेबलचा सा. न. वि. वि.

मावशी, इर्व्हिनला तेच आहे. परवा कळलं. पुढच्या महिन्यात ऑपरेशन. वेळेत आणलंत, असं डॉक्टर म्हणाले. मी बाहेर येऊन बाकावर रडले. मग ल्यूकने तुझं पत्र परत वाचून दाखवलं आणि परत रडले.

आईला विचारलं. सगळं बाहेर आलं. माझ्या लग्नासाठी केलं म्हणते. मी म्हटलं, मला विचारलं होतंस? तुझ्या पोटाची चर्चा चालली होती तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते मावशी, आणि मीही ती चर्चा केली. बायकांमध्ये बसून केली. आईच्या पायाशी. तिने मला गप्पसुद्धा केलं नाही.

आणि आता ऐक. हे सगळं ल्यूकच्या आईच्या कानावर घातलं, तर त्या भांडी घासता घासता म्हणाल्या की त्यात लपवण्यासारखं काय होतं? त्यांच्या सासूची दोन पोरं अशीच फुगून गेली, त्यांच्या नणंदेचं एक गेलं. घोडी पारखणारा तो आजा स्वतःच तीन बाळं पुरून बसला होता. दोन्हीकडच्या रक्तात असल्याशिवाय हा रोग सहसा मुलात उतरत नाही, असं डॉक्टरने आम्हाला समजावलंच होतं. माझ्या आईने येऊन नुसतं विचारलं असतं तर चहा पिता पिता सांगितलं असतं, असं त्या म्हणाल्या. लग्न काही मोडायचं नव्हतं, मावशी. तुला उगाच बळी दिलं. कशासाठीच नाही दिलं.

आईने चर्चच्या मंडळीसमोर उभं राहून कबूल करावं म्हणून मी हट्ट धरला. गेल्या रविवारी ती उभी राहिली. आपण बहिणीचं एक पत्र दडवलं, त्याचा पश्चात्ताप होतो, एवढंच म्हणाली आणि बसली. कुठलं पत्र, कोणी विचारलं नाही. सगळ्यांनी लगेच क्षमा केली. दोघींनी तर मिठी मारली, एवढ्याशा गोष्टीसाठी केवढी ही नम्रता म्हणून. मी चवताळून उठत होते, ल्यूकने हात धरला.

मी तिच्याकडे जात नाही सध्या. बरोबर की चूक कळत नाही.
माझ्या त्या चर्चेबद्दल मला क्षमा कर. नाही केलीस तरी तुझीच भाची.
मेबल


पेन यान
६ नोव्हेंबर १९९७

ती. व्हर्नाताई हिस,
नमस्कार.

तुझं कार्ड पोचलं. पुढच्या शनिवारी ऑपरेशन आहे हे तुला दादाकडून कळलं, आणि तू गाडी ठरवून माझं करायला येतेस म्हणतेस. मंडळीने क्षमा केली, आता मीही करावी, असं लिहिलं आहेस.

केली. ही आज्ञाच आहे आणि मी ती पाळते. मंडळीने मात्र कशाची क्षमा केली ते मंडळीला ठाऊक नाही. तू पत्र दडवलंस एवढंच त्यांना कळलं. माझ्या पोटात मूल कधीच नव्हतं, रोग होता, हे अजून कुणाला कळलेलं नाही. तेवढं एक वाक्य राहिलं, ताई. आठ वर्षांपूर्वी राहिलं आणि त्या रविवारी परत राहिलं. उभीच होतीस, तोंड उघडलंच होतंस, तरी राहिलं. पहिल्या वेळी मेबलचं लग्न होतं. या वेळी काय होतं? मी खूप विचार केला. तुला माझ्याहून लोक जवळचे, याखेरीज मला दुसरं काही सुचलं नाही.

ते वाक्य मी स्वतःच लिहून दोन्ही डीकनांना आजच्या टपालाने पाठवलं आहे, सर्जनबाईच्या सहीच्या कागदासकट. दोघेही म्हातारे झाले आहेत. एकाला तर दिसत नाही, त्याला कुणीतरी मोठ्याने वाचून दाखवावं लागेल. तसंच व्हावं.

येऊ नकोस. ऑपरेशननंतर तीन महिने माझ्या पोटावर पिशवी राहणार. ती दिवसातून किती वेळा रिकामी करायची, कातडी कशी पुसायची, नवी कशी चिकटवायची, हे घरच्या एका माणसाला आधी शिकवून ठेवतात. ते माणूस कोण, असं परवा नर्सने विचारलं. लहानपणी माझं सगळं तूच केलंस. एनिमा दिलेस, चादरी धुतल्यास, कधी नाक मुरडलं नाहीस. ते मी विसरले नाही, म्हणूनच उत्तर द्यायला मला वेळ लागला. नर्स पेन धरून थांबली होती.

मी लिझी हूव्हरचं नाव दिलं. नातं काय, असं विचारलं तर शेजारीण म्हटलं. संध्याकाळी तिच्याकडे जाऊन सगळी हकीकत सांगितली, डीकनांपासून पिशवीपर्यंत. तिने हात पुसले आणि शिकायला किती वाजता यायचं, एवढंच विचारलं.

लव्हिना